मुबीनचा ट्रक

बँकेनं भंगारात काढलेलं मशीन
पंधरा दिनारला घेतलं,
टॅक्सीत मांडीवर धरून फहाहीलला आणलं.
ड्रायव्हर म्हणाला, टीव्ही आहे काय?
म्हटलं, टीव्ही नाही, टीव्हीच्या आतलं.

चार खोल्या, अकरा माणसं,
वाट्याला एक पलंग आणि पलंगाखालची पेटी.
उरलं होतं फक्त गीझरशेजारचं कपाट.
त्याचं दार काढून टाकलं.
वरच्या फळीवर कांद्याची जाळी, चपलांची खोकी,
खाली हा, रात्रंदिवस घूं घूं करत.
षण्मुगम म्हणाला, बारावा आला,
याचं भाडं कोण देणार?

मग वायरी ओढल्या दारांच्या फटींतून,
आणि कुणाकडे काय आहे याला अर्थ उरला नाही.
तडा गेलेला फोन चालतो,
कुणाचा तरी वारलेला लॅपटॉप चालतो,
एक काच हवी आणि बोटं.
खेळ चालतो कपाटात,
हातात नुसता दिसतो.
माझं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर,
जे नव्या कुठल्याच मशीनला ओळख देत नाही,
तेही तिथंच नांदतं,
तांदूळ किती, गॅस किती, नेटची वर्गणी
भागिले अकरा.

मुबीन परकार, खेडचा.
गोदामात फोर्कलिफ्टवर:
चार मीटर पुढे, चार मीटर मागे,
दहा तास.
रात्री जेवून तो ट्रक काढायचा
बर्फाच्या कुठल्याशा देशात.
बर्फ थांबला तरी वायपर चालू ठेवायचा.
बाहेर रिफायनरीची ज्योत, खिडकीची काच हाताला चटका देणारी,
आणि हा पांघरुणात पाय ओढून म्हणायचा,
गारठा आहे रे आज रस्त्यावर.
हॉर्न नको वाजवू, माणसं झोपलीत, म्हटलं तर
म्हणे, मी कुठं वाजवतोय,
कपाट वाजवतंय.

जूनमध्ये कंपनीनं त्याचा कागद पुढे ढकलला नाही.
जाताना तवा मला दिला, उशी षण्मुगमला.
ट्रक राहिला.
घाटाच्या चढावर, डिझेल अर्धं,
मागे ओंडके, कुठल्या तरी बंदरात पोचवायचे.
त्याच्या पलंगावर आलेला नवा पोरगा म्हणाला,
हे खातं पुसू? जागा होईल.
म्हटलं, पलंग मिळालाय ना तुला?

ऑगस्टात एसीनं मान टाकली.
आम्ही ओले टॉवेल अंगावर घेऊन पडलो होतो.
कपाटाकडे गेलो, पत्रा भाकरी भाजेल इतका तापलेला,
आणि दिवा लुकलुकत होता.
या वेळी कोण?
मी सगळ्यांचे पलंग मोजले. अकरा.

तिकडे रात्रीचे साडेतीन असतील.
खेडात तो स्टेअरिंग फिरवत होता,
ते समुद्रावरून येईपर्यंत
वळण निघून जायचं.
एकदा खड्ड्यात. दुसऱ्यांदा कठड्यावर.
तिसऱ्यांदा मला कळलं, तो आता
वळण दिसायच्या आधीच वळतोय,
अंदाजानं,
जसं इथून आम्ही घराशी बोलतो,
उत्तर यायच्या आधीच हो म्हणत.

मी खोकी उतरवली, कांदे उतरवले,
फ्रीजमधल्या दोन बाटल्या मशीनला टेकवून ठेवल्या.
हिशेब बंद केला, नव्या पोराचा फुटबॉल बंद केला,
होती नव्हती ती सगळी ताकद
त्या घाटाला दिली.
आणि उघडाबंब उभा राहिलो
कुणाच्या तरी बर्फासमोर.

पहाटे मेसेज:
लाकूड पोचलं. आता काय भरू?

उत्तर सुचलं नाही.
हिशेब उघडला, त्याचं नाव परत लिहिलं,
नेटची वर्गणी बारानं भागली.
पैसे काय तो देणार नाही,
मला माहीत आहे.
त्याचा वाटा माझ्या नावावर टाकला
आणि एसीवाल्याला फोन लावला.